काजळी वरवर, डाग खोलवर : प्रदूषित हवेत त्वचेच्या रंगपेशींची काळजी कशी घ्यावी

रहदारीच्या रस्त्यावरून घरी आलात की ओला पांढरा कापूस गालावरून फिरवून पाहा. कापसावर करडा थर येतो. तो पाहिला की बहुतेकांचा हात स्क्रबकडे जातो. चेहरा काळवंडला म्हणजे मळ बसला, आणि मळ घासला की निघतो, हा हिशेब आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्का आहे. हा लेख लिहावासा वाटला तो याच हिशेबामुळे. कापसावर येते ती काजळी. महिनोन्‌महिने गालावर राहतो तो डाग त्वचेच्या आतल्या पेशींनी तयार केलेला रंग असतो. घासल्याने तो उतरत नाही, उलट गडद होतो.

म्हणून काय करायचं याच्या आधी आत काय घडतं ते पाहू. ते कळलं की पुढच्या बऱ्याच सूचना पाठ करायची गरजच उरत नाही.

त्वचेपर्यंत नेमकं काय पोचतं

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या रुंदीवर असे वीसेक कण एका रांगेत सहज बसतील. डिझेलचा धूर, कोळसा, जाळलेला कचरा, लाकडाची चूल, सिगारेट, असं जिथे काही जळतं तिथून ते निघतात. धुरातल्या कणाचा गाभा बहुधा कार्बनचा असतो. त्याला लोह, तांबं, व्हॅनेडियम असे धातू आणि पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन गटातली रसायनं चिकटलेली असतात. बेंझोपायरीन हे त्यांतलं सर्वांत बदनाम नाव.

सगळे कण त्वचेत घुसतात असं मात्र समजू नका. निरोगी त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर त्यांना चांगलाच अडवतो. केसांच्या मुळाशी ते साचतात, आणि त्वचा सोललेली, कोरडेपणाने तडकलेली किंवा इसबाची असेल तर त्यांना वाट मिळते. जास्त चिंता आहे ती कणाला चिकटलेल्या रसायनांची. ती तेलात विरघळतात, आणि चेहऱ्यावर नैसर्गिक तेल असतंच. कण वरच थांबला तरी त्याच्यावरचं रसायन त्या तेलात उतरतं आणि हळूहळू खाली झिरपतं. नुसत्या पाण्याने तोंड धुऊन ते का जात नाही, याचं उत्तर इथेच आहे.

रंगपेशी आणि तिचे शेजारी

त्वचेच्या बाह्य थराच्या अगदी तळाशी मेलानोसाइट म्हणजे रंगपेशी बसलेल्या असतात. तळाच्या साधारण दहा पेशींमागे एक. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा तिच्या शाखा वर आणि बाजूला पसरतात, आणि एक रंगपेशी सुमारे छत्तीस शेजारी पेशींना मेलॅनिन पुरवते. मेलॅनिनच्या बारीक पुड्या, म्हणजे मेलानोसोम, शेजारच्या पेशीत गेल्या की त्या पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारख्या जमतात. आतल्या डीएनएला ऊन लागू नये ही त्यामागची सोय. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो पुड्यांचा आकार, त्यांतला रंग आणि त्यांची मांडणी यांमुळे.

धुराच्या कणांमुळे या पेशीवर तीन बाजूंनी दाब येतो.

पहिली बाजू थेट. पेशीत अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर नावाचा एक ग्राहक, म्हणजे ठराविक रसायनं ओळखून पकडणारं प्रथिन, असतो. बेंझोपायरीनसारखं रसायन त्याला येऊन चिकटलं की तो केंद्रकात जातो आणि काही जनुकं चालू करतो. रंगपेशीत यामुळे टायरोसिनेज हे मेलॅनिन बनवणारं मुख्य एन्झाइम वाढतं. शिवाय तेच रसायन पचवण्यासाठी पेशी जी एन्झाइमं बनवते, त्यांच्या कामातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात.

दुसरी बाजू याच आक्रमक ऑक्सिजनची. कणावरचं लोह आणि तांबं त्यात भर घालतात. इथे रंगपेशी इतरांपेक्षा जास्त अडचणीत असते, कारण मेलॅनिन बनवण्याच्या क्रियेतच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. घरात आधीच चूल पेटलेली आणि वर बाहेरून निखारे येऊन पडावेत, तशी तिची गत होते.

तिसरी बाजू शेजाऱ्यांची, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. वरच्या पेशींना कणांनी डिवचलं की त्या संदेश सोडतात: अल्फा-एमएसएच, एंडोथेलिन, प्रोस्टाग्लँडिन, आणि सूज वाढवणारे इंटरल्यूकिन. त्यांतले बरेचसे रंगपेशीला एकच गोष्ट सांगतात, की धोका आहे, छत्र्या पाठव. त्यामुळे कण रंगपेशीपर्यंत न पोचताही रंग वाढतो. स्क्रबने घासलं, ब्लीचने आग झाली, झोंबणारं घरगुती मिश्रण लावलं, तरी या शेजाऱ्यांकडून जाणारा निरोप तोच असतो. रंगपेशीला काजळी आणि खरखरीत स्क्रब यांतला फरक कळत नाही.

उन्हाशिवाय नुसत्या धुराने रंग वाढतो का, अशी शंका येणं साहजिक आहे. त्याचं उत्तर तोंडात सापडतं. दीर्घकाळ सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या गडद होतात, विशेषतः समोरच्या. तिथे ऊन कधीच पोचत नाही. धुराने डिवचलेल्या हिरड्यांतल्या रंगपेशी मेलॅनिन वाढवतात, आणि सिगारेट सुटली की काही महिन्यांत ते बहुधा फिकं होऊ लागतं. त्वचारोगतज्ज्ञांना आणि दंतवैद्यांना हे कित्येक वर्षं माहीत आहे.

चेहऱ्याबाबतचा ठळक पुरावा २०१० साली आला. जर्मनीत ७० ते ८० वयाच्या ४०० स्त्रियांची पाहणी झाली, आणि काजळी व वाहनांचे कण जास्त असलेल्या भागात राहणाऱ्यांच्या कपाळावर आणि गालांवर डाग अधिक आढळले. संशोधकांनी मोजमापासाठी धरलेल्या एका टप्प्याइतकं प्रदूषण वाढलं की डाग सुमारे २० टक्के जास्त, असं ते प्रमाण होतं. २०१६ साली जर्मन आणि चिनी स्त्रियांच्या अभ्यासात, पन्नाशीपुढच्या वयात, नायट्रोजन डायऑक्साइड घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढला की गालांवरचे डाग सुमारे २५ टक्के जास्त दिसले. हा वायू आहे, कण नव्हे, पण दोन्ही एकाच धुराड्यातून येतात. पुढे डिझेलच्या धुराचे कण थेट मानवी त्वचेवर लावून पाहिले, तेव्हाही त्वचा गडद झाली आणि अँटिऑक्सिडंट, म्हणजे आक्रमक ऑक्सिजनला निष्प्रभ करणारा घटक, आधी लावल्यावर तो परिणाम कमी झाला.

एक सावधगिरीची सूचना इथेच. प्रयोगशाळेतल्या बशीत रंगपेशींवर कणांचा मारा फार वाढवला तर त्या रंग वाढवत नाहीत, मरतात. अशा प्रयोगांचे मथळे वाचून घाबरू नका. बशीत पेशीला वरचा संरक्षक थर नसतो आणि मात्राही जास्त असते. रोजच्या जगण्यातला परिणाम संथ असतो, वर्षानुवर्षं साचणारा.

पायरी पहिली : डाग धुराचाच आहे का, हे तपासा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग सहा महिने चुकीच्या उपायात घालवतात. एका खिडकीशी, एकाच वेळी, फिल्टर न लावता समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग डागाचा पोत आणि जागा पाहा.

गाल, कपाळ आणि वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना सारखे, नकाशासारख्या कडांचे तपकिरी पट्टे असतील तर तो बहुधा वांग. त्यामागे ऊन, हार्मोन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता असं बरंच काही असू शकतं. धूर त्यात भर घालू शकतो, पण एकटा धूर दोषी धरू नका. सुटे, गोल, स्पष्ट कडांचे तपकिरी ठिपके वय आणि ऊन दाखवतात. वर सांगितलेल्या अभ्यासांत मोजले गेले ते मुख्यतः हेच. मुरमांच्या जागी उरलेले डाग हे सूज ओसरल्यानंतरचे असतात.

मानेवरचा किंवा काखेतला काळपटपणा मखमलीसारखा जाडसर लागत असेल तर त्याचा मळाशी काही संबंध नाही. तो बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. कितीतरी मुलामुलींना यासाठी 'नीट अंघोळ करत नाही' म्हणून बोलणी खावी लागतात, आणि त्यांची मान लाल होईपर्यंत घासली जाते. मनापासून सांगतो, हे थांबवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. करडा-निळसर पसरट रंग केसांच्या डायमुळे किंवा सुगंधी प्रसाधनांच्या अ‍ॅलर्जीमुळेही येतो. अंगभर रंग गडद होत असेल, किंवा नवं औषध सुरू केल्यावर हे झालं असेल, तर घरचे प्रयोग नकोत, थेट डॉक्टर.

पायरी दुसरी : हवेचा आकडा पाहून वेळ बदला

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ५ आणि चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा सुचवली. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांची हवा या मर्यादेबाहेर असते, त्यामुळे 'सुरक्षित दिवस' शोधत बसण्यात अर्थ नाही. दिवसातला त्यातल्या त्यात बरा तास शोधा. हवेचा निर्देशांक दाखवणाऱ्या अ‍ॅपवर एकूण आकड्यापेक्षा पीएम २.५ चा तासागणिक आलेख पाहा. आठवडाभर पाहिलात तरी तुमच्या भागातली चढ-उताराची लय कळते. थंडीत पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, धूर खालीच कोंडतो. 'सकाळची ताजी हवा' अशा दिवसांत ताजी नसते. धावणं-चालणं थोडं उशिरा आणि मोठ्या रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत न्या.

घट्ट बसणारा एन-९५ मास्क फुप्फुसांसाठी वापराच. त्याच्या कडांनी नाकावर-गालावर घर्षण होतं आणि तिथेही डाग उमटू शकतात. मास्कआधी त्या जागी साधं मॉइश्चरायझर लावा.

पायरी तिसरी : घरातला धूर

बाहेरच्या हवेला शिव्या घालताना घरातली फोडणी, उदबत्ती, धूप, मेणबत्ती, डासांची कॉइल आणि सिगारेट विसरली जाते. यांतून निघणारे कणही पीएम २.५ च असतात, आणि बंद खोलीत ते तासन्‌तास टिकतात. स्वयंपाक करताना बाहेर हवा टाकणारा पंखा सुरू ठेवा आणि गॅस बंद केल्यावरही काही वेळ चालू राहू द्या. घरात कुणीही सिगारेट ओढू नये. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर खरा हेपा फिल्टर पाहा, म्हणजे ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवणारा, आणि यंत्राची क्षमता खोलीच्या आकाराला पुरेशी असावी. छोटं यंत्र मोठ्या दिवाणखान्यात ठेवलं तर मनाचं समाधान तेवढं होतं. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन त्वचेच्या तेलालाच ऑक्सिडाइझ करतो.

पायरी चौथी : घरी आल्यावर धुणं

आधी हात. मग कोमट पाणी आणि सौम्य, बिनसुगंधी क्लेन्झर. रसायनं तेलात असतात, म्हणून पाण्याला अशा क्लेन्झरची जोड लागते. बोटांनी अर्धा-एक मिनिट हलकं फिरवा, नाकाच्या कडा, केसांची रेषा, कानामागे, मान. दिवसभर जाड सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम, मग क्लेन्झर. एरवी दोनदा धुण्याची गरज नाही. टॉवेलने टिपा, पुसू नका.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटणं म्हणजे 'स्वच्छ' झाल्याची खूण अशी एक जुनी समजूत आहे. तो ताण म्हणजे संरक्षक चरबी धुतली गेली. संध्याकाळी एक नीट धुणं आणि सकाळी पाण्याचा हबका पुरतो. अक्रोडाच्या सालीचे स्क्रब, लुफा, लिंबू, बेकिंग सोडा हे सगळं बाजूला ठेवा. धूर केसांतही बसतो. रात्री केस कपाळावर-गालावर येत असतील तर ते बांधा आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला बदला.

पायरी पाचवी : भिंत मजबूत ठेवा

कणांमुळे त्वचेतलं फिलाग्रिन नावाचं प्रथिन कमी होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. वरच्या थराची बांधणी आणि ओलावा त्यावर अवलंबून असतो. भिंत कच्ची झाली की रसायन जास्त आत जातं, शेजारी पेशी जास्त ओरडतात, रंग वाढतो. त्यामुळे धुतल्यावर दोन-तीन मिनिटांत, त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. सेरामाइड, ग्लिसरीन, पेट्रोलेटम यांपैकी काही असलं की झालं, महागड्या 'अँटी-पोल्यूशन' शब्दाची गरज नाही. त्वचा तेलकट असेल तर जेल चालेल.

पायरी सहावी : सकाळचे दोन थर

धूर आणि ऊन वेगवेगळे आले तर जेवढं नुकसान करतात, त्याहून जास्त एकत्र करतात. बेंझोपायरीनसारखी रसायनं उन्हातले अतिनील-ए (यूव्हीए) किरण शोषून आणखी आक्रमक होतात. म्हणूनच धुरकट दिवशी 'ऊन कुठे आहे' म्हणत सनस्क्रीन टाळणं चुकीचं.

आधी अँटिऑक्सिडंट. व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, १० ते २० टक्के, जोडीला व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक आम्ल असेल तर उत्तम. ते गडद बाटलीत ठेवा. द्रव गडद तपकिरी झाला की ऑक्सिडाइझ झाला, टाकून द्या. झोंबत असेल तर सौम्य रूप घ्या किंवा त्याऐवजी ४-५ टक्के नायासिनामाइड वापरा. नायासिनामाइड रंगाच्या पुड्या शेजारी पेशीत जाण्याचं प्रमाण कमी करतं आणि भिंतही सुधारतं. संवेदनशील त्वचेसाठी मी आधी तेच सुचवेन. कोणतीही नवी वस्तू कानामागे किंवा जबड्याखाली तीन-चार दिवस लावून पाहा, मगच चेहऱ्यावर.

मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त आणि अतिनील-ए पासूनही संरक्षण देणारं. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. लोक त्याच्या चौथाईवर भागवतात आणि मग सनस्क्रीन चालत नाही म्हणतात. सतत बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेसाठी आणखी एक गोष्ट: दृश्य प्रकाशातला निळा-जांभळा भागही रंगपेशीला जागं करतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अडवतं. वांग असेल तर हा बदल सर्वांत आधी करा. टोपी, ओढणी, छत्री यांचा उपयोग तर आहेच.

पायरी सातवी : आधीच पडलेले डाग

इथे घाई घात करते. बाह्य थर पूर्ण बदलायला चार ते सहा आठवडे लागतात, वय वाढतं तसे जास्त. म्हणून कोणत्याही उपायाचा न्याय आठ-बारा आठवड्यांआधी करू नका. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी फोटो काढा, रोज आरशात मोजू नका. अ‍ॅझेलाइक आम्ल डागांसाठी आणि मुरमांसाठी दोन्हीकडे उपयोगी आहे, आणि गरोदरपणातही डॉक्टर ते देऊ शकतात. रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए गटातली औषधं, गरोदरपणात नको. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, पण फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठराविक काळ. वर्षानुवर्षं लावल्यास त्यानेच निळसर-काळे डाग पडू शकतात.

रंग उजळण्याची हमी देणाऱ्या क्रीमबद्दल कळकळीची विनंती आहे. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. आठवडाभरात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, आणि क्रीम सोडलं की पूर्वीपेक्षा गडद रंग आणि पुरळ. काहींत पारा असतो, तो टायरोसिनेज बंद पाडतो आणि मूत्रपिंडांनाही इजा करतो. वेष्टनावर कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस यांपैकी काही दिसलं, किंवा घटकांची यादीच नसली, तर ते घरात ठेवू नका. आपल्याला मूळ रंग बदलायचाच नाही. तो त्या पेशींचा चांगुलपणा आहे. धुराने जे जास्तीचं आणि विषम साचलं तेवढंच कमी करायचं आहे.

पायरी आठवी : डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन

दोन बाजू न जुळणारा, वेड्यावाकड्या कडांचा, एकाच डागात अनेक रंग असलेला, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा काही आठवड्यांत बदलणारा, खाजणारा, रक्त येणारा तीळ दिसला तर वाट पाहू नका. तळहात-तळपायांवरचा असा डाग आणि नखाखालची नवी काळी रेघ यांनाही हाच नियम, सावळ्या त्वचेत तर विशेष. पांढरे, दुधी रंगाचे चट्टे दिसू लागले तरी लवकर जा. कोड सुरुवातीला आटोक्यात आणणं सोपं असतं.

जाताना तारखा घातलेले फोटो न्या. लावत असलेल्या प्रत्येक क्रीमचं वेष्टन न्या, मैत्रिणीने दिलेल्या बिननावाच्या डबीसकट, आणि पोटात घेत असलेल्या गोळ्यांची यादी. डाग वरच्या थरात आहे की खाली उतरला आहे, हे विचारा. डॉक्टर वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) किंवा डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) पाहू शकतात. वरचा रंग काही महिन्यांत उतरतो. बाह्य थराच्या तळाचा पडदा फाटून खाली सांडलेला करडा-निळसर रंग तिथल्या पेशींनी गिळून ठेवलेला असतो, त्याला वर्षंही लागू शकतात, आणि त्यावर वरून लावायच्या क्रीमचा फारसा उपयोग होत नाही. हे आधी विचारून घेतलंत, तर लेझर किंवा केमिकल पीलबद्दल कुणी सुचवेल तेव्हा ते आपल्या डागासाठी आहे की नाही, आणि त्यानंतर सूज येऊन रंग पुन्हा गडद होण्याचा धोका आपल्या त्वचेला किती, हे तुम्हाला त्याच भेटीत बोलता येईल.